पानझडीचा हिशेब : कोंडाण्याच्या रानातील वृक्षांची पाने

कर्जत तालुक्यातील कोंडाणे हे गाव राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या उगमाकडील खोऱ्यात वसले आहे. गावाच्या वरच्या अंगास बौद्ध लेणी असून त्यांच्या सभोवार व वर घाटमाथ्यापर्यंत पानझडी रान पसरलेले आहे. या भागात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्वच्या सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढील आठ महिने वृक्षांना साठवणीवर काढावे लागतात. काळ्या खडकाच्या उतारावर मातीचा थर उथळ असल्याने ही साठवणही बेताचीच. एप्रिलमध्ये गवत वाळून कोळ झालेले असते, ओढे आटलेले असतात आणि पायाखालची जमीन भेगाळलेली असते.

नेमक्या याच दिवसांच्या आसपास रानात हिंडणाऱ्यास एक विसंगती दिसते. कोशिंबाने तांबडीलाल पालवी धारण केलेली असते, करंज कोवळ्या हिरव्या पानांनी झाकून गेलेला असतो आणि फुले संपवून पळसही पानांच्या तयारीस लागलेला असतो. पाऊस अद्याप कित्येक आठवडे दूर आहे. मग पाण्याचा सर्वांत मोठा खर्च करणारे इंद्रिय वृक्षाने सर्वांत कोरड्या ऋतूत का उघडावे? पानाचे वृक्षाच्या जीवनातील स्थान समजून घेण्यास हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा अधिक उपयोगी आहे.

पान हे वृक्षाचे अन्न तयार करण्याचे ठिकाण होय, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. पण हे ज्ञान फार जुने नाही. व्हान हेल्माँट याने कुंडीत लावलेल्या विलो वृक्षाचे वजन पाच वर्षांत १६४ पौंडांनी वाढले, माती मात्र केवळ दोन औंस घटली. १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून त्याने लाकूड पाण्यापासून बनते असा निष्कर्ष काढला. तो अर्धाच खरा होता. उरलेला भाग हवेतून येतो, आणि त्यासाठी पान व प्रकाश दोन्ही लागतात, हे उमगण्यास आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. १७७९ साली इंगेनहाउस याने हिरवे भाग प्रकाशातच हवा शुद्ध करतात हे दाखविले, आणि १८०४ साली द सोस्यूर याने या व्यवहारातील कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांचा वाटा मोजून मांडला.

परंतु स्टीफन हेल्स याने १७२७ साली प्रसिद्ध केलेली मोजणी कोंडाण्याच्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे रोप दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस पाणी हवेत सोडते, असे त्यास आढळले. कार्बन डाय-ऑक्साइड पानात शिरतो तो पर्णरंध्रांतून, आणि त्याच रंध्रांतून आतील बाष्प बाहेर पडते. हवेतील या वायूचे प्रमाण आज सुमारे ०.०४ टक्के इतके अल्प आहे. उलट पानातील पोकळ्या बाष्पाने भरलेल्या असतात. म्हणून कार्बनचा एक रेणू मिळविताना बहुतेक वृक्षांना पाण्याचे कित्येक शे रेणू गमवावे लागतात. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी अशा रीतीने निघून जाते. मिळकतीचे आणि खर्चाचे दार एकच असल्याने खर्च थांबवावयाचा म्हणजे मिळकतही थांबवावयाची. या अडचणीतून कोणत्याही वनस्पतीला पूर्ण सुटका नाही. निरनिराळ्या जातींनी तडजोडी मात्र निरनिराळ्या केल्या आहेत.

हा व्यय अगदीच निष्फळ नसतो. पाने त्यामुळे थंड राहतात, आणि १८९४ साली डिक्सन व जोली यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार पानांतील बाष्पीभवनाच्या ओढीनेच पाण्याचा अखंड स्तंभ खोडातून वर चढतो. मात्र जमिनीतील पाणी घटू लागले की ही ओढ धोक्याची ठरते. स्तंभात ताण वाढून हवेचे बुडबुडे शिरतात आणि वाहिन्या निकामी होतात. अशा वेळी पान ठेवणे म्हणजे खोड गमावणे होय.

कोंडाण्यातील साग, ऐन, किंजळ, सावर, पांगारा हे वृक्ष या प्रसंगी पानांचा त्याग करतात. त्याग हा शब्द येथे सरळ अर्थाने वापरता येतो, कारण पान नुसते वाळून पडत नाही. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, त्याच्या आतील बाजूस व्रण बुजविणारा थर येतो आणि मगच पान सुटते. तत्पूर्वी हरितद्रव्य व त्याच्याशी निगडित प्रथिने मोडली जाऊन त्यांतील नत्र, तसेच स्फुरद, फांदीत परत नेले जातात. जगभरच्या वृक्षांवरील मोजण्या पाहता पानातील या द्रव्यांचा सुमारे निम्मा किंवा त्याहून अधिक भाग असा वाचविला जातो. कॅल्शियम मात्र परत येत नाही. ते पानाबरोबर जमिनीवर जाते. पिवळे पान हे या दृष्टीने हिशेब पुरा झालेले पान होय, तर हिरवे तोडलेले पान हे हिशेब होण्यापूर्वीच उचललेले भांडवल होय.

आता मूळ विसंगतीकडे वळता येईल. निष्पर्ण वृक्ष सुप्त दिसतो, पण त्याच्या खोडात त्याच काळात पाणी साचत असते. पाने गळाली की खर्च थांबतो. मुळे खडकाच्या सांध्यांतून खोलवरचे थोडेबहुत पाणी ओढीत राहतात, आणि लाकूड पुन्हा ओलावते. रॉल्फ बोर्शर्ट यांनी कोस्टा रिका येथील कोरड्या अरण्यांत खोडातील पाण्याच्या मोजण्या करून १९९४ साली ही गोष्ट मांडली होती. पुढे २००६ साली एलियट, बेकर व बोर्शर्ट यांनी आशियाई मोसमी अरण्यांविषयी असे प्रतिपादन केले की, वसंतसंपाताच्या सुमारास दिवस अर्ध्या तासाने किंवा त्याहूनही कमीने वाढला की ओलावलेल्या फांद्यांवरील अंकुर फुटतात. कर्जतच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान व सर्वांत मोठा दिवस यांत सुमारे सव्वादोन तासांचेच अंतर आहे. तरीही ही खूण वृक्षांस पुरते. पालवी पावसाने फुटत नाही. ती पावसाच्या आधी, दिनमानाच्या सूचनेने व साठविलेल्या पाण्यावर फुटते.

यात लाभ कोणता? पहिला उघड आहे. पाऊस येतो तेव्हा पाने पूर्ण वाढलेली असतात आणि चार महिन्यांतील एकही दिवस वाया जात नाही. दुसरा कीटकांशी संबंधित आहे. के. एस. मुरली व आर. सुकुमार यांनी मुदुमलईच्या पानझडी अरण्यात केलेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पावसापूर्वी पालवणाऱ्या झाडांच्या पानांची हानी उशिरा पालवणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. कोंडाण्यात याचा पडताळा पाहावयाचा तर सागाकडे पाहावे. साग बहुधा पावसाच्या तोंडाशीच पालवतो, आणि पावसाळ्यात त्याची मोठमोठी पाने अळ्यांनी खाऊन केवळ शिरांची जाळी उरलेली सर्रास दिसतात.

सर्वच वृक्ष हा मार्ग धरीत नाहीत. ओढ्याकाठचे जांभूळ व आंबा आणि चढावरची अंजनी ही झाडे बारमाही हिरवी राहतात. अंजनीचे पान जाड, चिवट व तुकतुकीत असते. ते घडविण्यास खर्च अधिक, पण ते टिकतेही अधिक. पिंपळाचे पान याहून निराळे. त्याच्या लांब निमुळत्या टोकावरून पाणी चटकन निथळते, आणि लांब देठामुळे ते जराशा वाऱ्यानेही हलते. कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीसारख्या कमानीला मराठीत पिंपळपानाकृती म्हणतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेण्यात शिल्पकारांपुढे लाकडी वास्तूचा नमुना होता, पानाचा नव्हे. साम्य नंतर पाहणाऱ्यांनी शोधले, पण ते समर्पक आहे. या परिसरातील जातींची ओळख करून घेण्यास घाटमाथ्यावरील खंडाळ्याच्या वनस्पतींवरील एच. सांतापाव यांचा १९५३ सालचा ग्रंथ आजही हाताशी असावा.

पानांचा हा हिशेब माणसाच्या व्यवहारातही गुंतलेला आहे. कोकणातील इतर भातखाचरांप्रमाणे कर्जत-खालापूर भागातही राब भाजण्याची पद्धत रूढ होती, व ती अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात ऐन, किंजळ इत्यादी झाडांचे कवळ तोडून वाळवितात. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा, गवत व माती यांचे थर रचून ते भाजतात. वनखात्याने यावर निर्बंध घातले तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. राबाची शास्त्रीय तपासणी हॅरॉल्ड मॅन, जोशी व कानिटकर यांनी करून १९१२ साली प्रसिद्ध केली. भाजण्याने राखेतील पालाश, स्फुरद व चुना रोपांस मिळतो. तापलेल्या मातीतील नत्र सुटा होऊन रोपांना उपलब्ध होतो आणि तणांचे बी मरते. परंतु कवळातील नत्राचा बहुतेक भाग धुराबरोबर उडून जातो.

याचा अर्थ असा की, झाडाने परत घेण्यापूर्वी तोडलेल्या पानातील नत्र ना झाडाला लाभतो ना शेताला. वारंवार कवळ तोडलेला ऐन खोडातील साठा वापरून पुन्हा फुटतो, पण त्याची वाढ खुंटते आणि त्यास छत्रीऐवजी झुबक्यांचे रूप येते. पाने पिवळी पडेपर्यंत थांबावे ही सूचना कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात पिवळे पान फांदीवर टिकत नाही, त्याची मोळी बांधता येत नाही, आणि सर्व पातेरा उचलला तर रानातील माती उघडी पडून तिच्याकडे परतणारा चुना व पालाशही नाहीसा होतो. शेतकऱ्याने हिरवे कवळ पसंत करावे यात अडाणीपणा नाही.

तोडणी किती लांबविली असता झाडाचा नत्र वाचेल व पान फांदीवरही राहील, हे ठरविणे अवघड नाही. ऐन व किंजळ यांच्या खुणा केलेल्या फांद्यांवरील पाने नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर पंधरवड्यास गोळा करून त्यांतील नत्र व स्फुरद यांचे प्रमाण काढावयाचे, आणि दर वेळी पान देठातून किती सहज सुटते हे नोंदवावयाचे. परतफेडीने पानाचे वजनही घटते, म्हणून प्रमाण वजनावर न काढता पानाच्या क्षेत्रफळावर काढावे लागेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यास हे काम एका हंगामात पुरे करता येण्याजोगे आहे.