तार कुणाच्या दारात?

'ब्रॉडबँड' हा शब्द ऐकला की आपल्या समाजातील अनेकांना वाटते, हा पैसेवाल्यांचा विषय आहे. आपले प्रश्न अत्याचाराचे, शिष्यवृत्तीचे आणि नोकरीतल्या अनुशेषाचे. मित्रहो, हे तिन्ही प्रश्न आज त्याच तारेतून जातात. २००६ मध्ये खैरलांजी घडले, तेव्हा मोठी वृत्तपत्रे गप्प असताना आपल्या तरुणांनी ई-मेल आणि ब्लॉगवरून सत्य जगापुढे नेले. शिष्यवृत्तीचा अर्ज आज 'महाडीबीटी' पोर्टलवरच भरावा लागतो. म्हणून ही तार कुणाच्या मालकीची आणि तिचा पैसा कुणाच्या खिशात जातो, हे तपासणे चळवळीचे काम आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. 'सर्वसामान्य' म्हणजे कोण? व्यक्तीसाठी २५० तासांचे पाच हजार रुपये मोजू शकणारा! त्या काळी शेतमजुराच्या कितीतरी महिन्यांची ती मजुरी होती. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवाने मिळाले. तेव्हाची कमाई तासांवर होती. तासांचे पैसे इंटरनेट कंपनीला आणि टेलिफोनच्या कॉलचे बिल फोन कंपनीला, असा ग्राहकाचा खिसा दोनदा कापला जाई.

२००४ चे ब्रॉडबँड धोरण आले आणि हे गणित बदलले. २५६ केबीपीएस वेगाची, सतत चालू असणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या झाली. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच ही सेवा सुरू केली. ताशी हिशेब जाऊन मासिक भाडे आले. ज्याची तार, त्याची कमाई, असा नियम झाला. नुसते तास विकणाऱ्या कंपन्यांचे डायल-अप ग्राहक गळू लागले. बीएसएनएलची तार इतरांनाही वापरू द्यावी, अशी 'ट्राय'ची शिफारस होती. सरकारने ती सक्तीची केली नाही. म्हणजे मोक्याची मालमत्ता सरकारी कंपनीच्या हाती होती. तोटा तिच्या नशिबात लिहिलेला नव्हता, हे लक्षात ठेवा.

पण तार होती कुणाच्या दारात? ज्याच्या घरी आधीच लँडलाइन, त्यालाच ब्रॉडबँड. ज्या झोपडीला घराचा कागद नाही, तिथे अनामत भरून फोन कोण घेणार? काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर अमर्याद असे, म्हणून कितीतरी विद्यार्थी गजर लावून उठत. तेही ज्यांच्या घरी तार होती तेच. धोरणाचे लक्ष्य होते २०१० पर्यंत दोन कोटी ग्राहकांचे. झाले सुमारे एक कोटी दहा लाख. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेट होते, संगणक तर साडेचार टक्क्यांहून कमी. कोरोनात शाळा ऑनलाइन गेल्या, तेव्हा या आकड्यांचा अर्थ वस्त्यावस्त्यांतल्या मुलांना कळला.

आता मालकीचे पाहू. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, या 'खाउजा'चा फेरा इथेही आला. २००२ मध्ये विदेश संचार निगमचे २५ टक्के भाग १,४३९ कोटी रुपयांना टाटा समूहाकडे गेले. खाजगी कंपन्यांनी २०१२ पासून फोर-जी सुरू केले, २०१६ मध्ये जिओ आले. बीएसएनएलला फोर-जी स्पेक्ट्रम देण्याचा निर्णय मात्र केंद्राने घेतला २०१९ च्या ऑक्टोबरात! आणि त्याच निर्णयातून स्वेच्छानिवृत्ती आली. सुमारे ७८ हजार ५०० कर्मचारी घरी गेले. सरकारी कंपनीत अनुसूचित जातींना १५ आणि जमातींना साडेसात टक्के जागा होत्या. कमाई खाजगी कंपनीकडे वळली, तिथे आरक्षण शून्य. ग्राहक सरकला की महसूल सरकतो आणि महसुलाबरोबर आपल्या नोकऱ्याही सरकतात. राखीव जागा अशाही संपवता येतात. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

कायदा काय म्हणतो? अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इंटरनेटवरील अभिव्यक्तीला कलम १९ चे संरक्षण आहे, असे सांगितले. पण इंटरनेट मिळणे हाच मूलभूत अधिकार आहे काय, यावर मत दिले नाही. केरळ उच्च न्यायालय २०१९ मध्ये पुढे गेले: वसतिगृहातील मुलीच्या याचिकेवर त्याने इंटरनेट हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. ही वाट आपल्या वकिलांनी पुढे न्यायला हवी.

आणि पैसा नाही, असे कुणी सांगू नये. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील पाच टक्के वाटा २००२ पासून ग्रामीण सेवेच्या निधीत जातो. २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. या रकमेचा मोठा भाग वर्षानुवर्षे खर्चच झाला नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, आज 'भारतनेट' म्हणवल्या जाणाऱ्या योजनेचे लक्ष्य ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याचे. पण ग्रामपंचायत गावात आणि आपली वस्ती गावाबाहेर! ते शेवटचे अंतर कोण तोडणार?

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली होती. आज माहितीची तार हा असाच उद्योग आहे. म्हणून प्रत्येक ग्रामसभेत विचारा, भारतनेटची जोडणी आपल्या वस्तीच्या समाजमंदिरात, अभ्यासिकेत का नाही? माहितीचा अधिकार वापरून निधीचा हिशेब मागा. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाच्या मागणीत दूरसंचार कंपन्यांचे नाव पहिले घ्या. त्या देशाच्या मालकीचे स्पेक्ट्रम वापरूनच कमावतात. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश ज्या तारेतून आज पाळावा लागतो, ती आपल्या दारापर्यंत आलीच पाहिजे.

जय भीम!