ज्येष्ठांची छोटी सहल : सवलत, सोबत आणि सोयीची गावे

महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्या मित्रमंडळींनी दोन-तीन दिवस घराबाहेर पडायचे ठरवले, तर प्रवासभाडे ही त्यांच्यापुढची सर्वांत लहान अडचण असते, याची पुरेशी कल्पना अनेक ज्येष्ठांना नसते आणि त्यांच्या मुलांनाही नसते. राज्य परिवहन महामंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजना सुरू केली, तेव्हापासून वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे भाडे पडते. आणि १७ मार्च २०२३ पासून ‘महिला सन्मान’ योजनेमुळे कोणत्याही वयाच्या स्त्रीला निम्म्या भाड्यात जाता येते. वयाची खात्री पटवण्यासाठी आधार कार्डासारखे ओळखपत्र जवळ असले की पुरते. मोफत प्रवास करणाऱ्यानेही वाहकाकडून शून्य रकमेचे तिकीट मागून घ्यावे, कारण सवलतीपोटी बुडालेले उत्पन्न राज्य सरकार महामंडळाला भरून देते, त्याला प्रतिपूर्ती म्हणतात, आणि तिचा हिशेब अशा तिकिटांवरूनच लागतो.

या तीन तरतुदी एकत्र मांडल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते. ७७ वर्षांचे गृहस्थ, त्यांची ७२ वर्षांची पत्नी, ६३ वर्षांचे त्यांचे धाकटे स्नेही, त्या स्नेह्यांची साठीतली पत्नी, ६६ वर्षांचे एक शेजारी आणि ६९ वर्षांच्या एक एकट्या राहणाऱ्या मैत्रीण अशी सहा जणांची मंडळी निघाली, तर त्यांपैकी एकाला भाडे नाही, चौघांना निम्मे आहे आणि पूर्ण भाडे एकट्या ६३ वर्षांच्या गृहस्थांना आहे. म्हणजे सहा जणांचा प्रवास साधारण तीन पूर्ण तिकिटांत होतो. पूर्ण भाडे भरणाऱ्याला बरेच फिरायचे असेल, तर एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही १९८८ पासूनची पासयोजना त्याच्या सोयीची आहे. चार किंवा सात दिवसांचा पास एकदा काढला की त्या मुदतीत कितीही वेळा चढता-उतरता येते. एकाच गावी जाऊन राहणाऱ्याला मात्र या पासाचा फारसा लाभ नाही, आणि ज्येष्ठांची सहल बहुतेक वेळा एकाच गावी असावी, असे पुढे दिलेल्या कारणांवरून दिसेल.

रेल्वेची परिस्थिती याच्या उलट आहे. साठीवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के मिळणारी भाडेसवलत मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत थांबवली गेली आणि साथ ओसरल्यानंतरही ती पूर्ववत झाली नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या, शेतीवर किंवा छोट्या दुकानावर आयुष्य काढलेल्या माणसाला लांबचा प्रवास परवडण्याचा तो एक प्रामाणिक मार्ग होता आणि तो पुन्हा खुला व्हायला हवा. आज उरली आहे ती खालच्या बर्थची सोय : साठीवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी शयनयान व वातानुकूलित डब्यांत काही खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. ही सोय रात्रीच्या प्रवासाची आहे, आणि दोन-तीन दिवसांच्या सहलीत रात्रीचा प्रवास टाळता येत असेल तर तो टाळावा, हेच शहाणपणाचे.

उतारवयात प्रवासाची खरी किंमत शरीर मोजते, आणि बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सहलींच्या जाहिरातींत ती धरलेली नसते. तीन दिवसांत आठ ठिकाणे दाखवणारी सहल दर ठिकाणामागे स्वस्त पडते, पण तीत सकाळी सहाला आवरून बसमध्ये बसणे, रोज सामान बांधणे आणि सोडणे, रोज नव्या स्नानगृहातल्या ओल्या फरशीवर तोल सांभाळणे हे सर्व येते. चार तासांपेक्षा अधिक काळ एका जागी बसून राहिल्यास पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि वय वाढते तसा तो अधिक होतो. म्हणून दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालता येईल असाच टप्पा धरावा.

पाण्याचा आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि संकोचामुळे तो बोलला जात नाही. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. त्यात ‘वाटेत जायला नीट जागा मिळणार नाही’ या धास्तीने अनेक स्त्रिया, आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढलेले पुरुषही, निघण्याच्या आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी करतात. परिणामी चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांपैकी काहीतरी सहलीच्या दुसऱ्या दिवशी उभे राहते आणि त्याचे खापर बाहेरच्या जेवणावर फुटते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद न करता, प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. राज्यातल्या बसस्थानकांवरील स्वच्छतागृहांची अवस्था सुधारली, तर मोफत प्रवासाच्या योजनेला खरा अर्थ येईल, कारण तिकीट फुकट असूनही याच एका कारणासाठी घरी राहणारी माणसे थोडी नाहीत.

या सर्वाचा विचार केल्यावर चांगल्या छोट्या सहलीचे गणित असे बसते : घरापासून तीन-चार तासांच्या आत पोचता येणारे एक गाव, तिथे दोन रात्रींचा एकच मुक्काम, दिवसाला पाहण्याचे एक ठिकाण आणि दुपारची झोप. अशा सहलीला निवृत्तांकडे असलेली एक मोठी सवलत कोणत्याही सरकारी आदेशाविना लागू होते, ती म्हणजे आठवड्याचा मधला काळ. सोमवारी निघून बुधवारी परतणाऱ्याला बसमध्ये जागा मिळते, निवासाच्या दरात घासाघीस करता येते आणि दर्शनाच्या रांगेत दोन तास उभे राहावे लागत नाही. मात्र देवस्थानांचे वार वेगळे असतात. दत्ताच्या ठिकाणी गुरुवार आणि पौर्णिमा, देवीच्या ठिकाणी मंगळवार आणि शुक्रवार, विठ्ठलाच्या ठिकाणी एकादशी असे दिवस पंचांगात पाहूनच तारीख धरावी.

पुण्याच्या मंडळींना वाई हे या हिशेबात नेमके बसणारे गाव आहे. स्वारगेटहून एसटीने अडीच-तीन तासांत तिथे पोचता येते, कृष्णेच्या काठचे घाट गावातच आहेत आणि ढोल्या गणपतीचे मंदिर नदीच्या पात्रालगत आहे. रास्ते घराण्याने बांधलेल्या या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला निमुळती आहे, त्यामुळे पुराचे पाणी तिच्यावर आदळून दोहो बाजूंना फाकते आणि मंदिर तग धरते. हे पाहायला मंदिराला सावकाश एक फेरी मारावी लागते, आणि घाईच्या सहलींत तीच राहून जाते. वाईपासून तीन किलोमीटरवर मेणवली आहे, तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे, आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली त्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा तिथल्या मंदिरापाशी टांगलेली आहे. सहा जणांनी दोन रिक्षा केल्या तर जाणे-येणे आणि तासभर थांबणे माणशी थोडक्यात होते. वाचनाची आवड असलेल्यांना हेही ठाऊक असावे की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून उभे केले. घाटाच्या पायऱ्या दगडी आणि काही ठिकाणी झिजलेल्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरच्या पायरीवरच बसावे, नदी तिथूनही दिसते.

कोल्हापूर परिसरातल्या, किंवा सांगली-मिरजेच्या मंडळींसाठी नृसिंहवाडी आणि खिद्रापूर ही जोडी वाईपेक्षाही सोयीची आहे, कारण शिरोळ तालुक्याचा हा भाग सपाट आहे. नृसिंहवाडी कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर आहे. तिथे भक्तनिवास, म्हणजे देवस्थानाने यात्रेकरूंसाठी अल्प दरात चालवलेले निवासस्थान आहे, आणि दुपारचा महाप्रसादही मिळतो. पादुकांच्या दर्शनासाठी घाटाच्या काही पायऱ्या उतराव्या लागतात, एवढीच काय ती चढउतार. वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध आहे. मधुमेह असलेल्यांनी बर्फीचा एक तुकडा चौघांत वाटून घेण्यात काही वावगे नाही. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी देवळात शिरते, एका बाजूने पादुकांना स्पर्शून दक्षिण दाराने बाहेर पडते, त्या वेळच्या स्नानाला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्यासाठी मोठी गर्दी लोटते. श्रद्धा कितीही असली तरी निसरड्या पायऱ्या आणि वाहते पाणी हे सत्तरीतल्या माणसाचे ठिकाण नाही, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर जुलै-ऑगस्टात या भागाकडे फिरकू नये हेच बरे.

नृसिंहवाडीहून कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरला जाता येते. एसटीच्या फेऱ्या मोजक्या असल्याने इथे वाहन ठरवावे लागते, आणि ते सहा जणांत वाटले गेले की खर्च जाणवत नाही. शिलाहार काळात, बाराव्या शतकात, उभारलेले इथले कोपेश्वराचे मंदिर सहलीचा एक पूर्ण दिवस वसूल करणारे आहे. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याच्या छताच्या मध्यभागी सुमारे १३ फूट व्यासाचे गोल मोकळे आकाश ठेवलेले आहे. त्याच मापाची वर्तुळाकार शिळा खाली जमिनीवर आहे. मंदिराच्या बाहेरच्या अंगाला पायथ्याशी हत्तींची रांग कोरलेली असून जणू त्यांच्याच पाठीवर सारी वास्तू पेललेली आहे. शिवमंदिर असूनही इथे समोर नंदी नाही, आणि गाभाऱ्यात कोपेश्वराच्या जोडीला धोपेश्वर या नावाने विष्णू पूजला जातो. यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकातला शिलालेखही दक्षिणेच्या दाराशी पाहायला मिळतो. हे सगळे जमिनीच्या पातळीवर, काठी टेकत, थांबत थांबत पाहता येते. गडकोटांवर जे शक्य होत नाही ते इथे होते. कर्नाटकाची सीमा लागूनच आहे, म्हणून पलीकडच्या गावी जाताना एसटीची सवलत सीमेवर संपते हे ध्यानात ठेवावे.

गड पाहण्याची इच्छा असलेल्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, त्यामुळे चौदाशेहून अधिक पायऱ्यांची चढण काही मिनिटांवर येते. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रुळांवरून चालणारी ट्रॉली आहे. विदर्भातल्यांना शेगाव जवळचे. मुंबई-हावडा लोहमार्गावर स्थानक असल्याने दिवसाच्या गाडीने जाता येते, आणि गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासांची स्वच्छता व शिस्त इतकी चांगली आहे की पहिल्यांदाच मुलांविना बाहेर पडणाऱ्या ज्येष्ठांनी तिथूनच सुरुवात करावी.

निवास ठरवताना फोनवर विचारायचे प्रश्न दराच्या आधीचे आहेत : खोली तळमजल्यावर मिळेल का, कमोड आहे का, स्नानगृहात धरायला दांडी आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येते. ही माहिती विचारायला लाजू नये. औषधे पुरतील त्याहून दोन दिवसांची अधिक घ्यावीत, ती हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत सोबत्याकडे द्यावी. वाटेत कोणाला अस्वस्थ वाटले तर १०८ या क्रमांकावर राज्यभर रुग्णवाहिका मिळते.

सोबतीचे महत्त्व इथे पैशांपलीकडे जाते. पती गेल्यानंतर बाहेर पडणे थांबलेल्या कितीतरी स्त्रिया भजनी मंडळाच्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या निमित्ताने पुन्हा एसटीत बसू लागल्या आहेत. आयुष्यभर त्यांचा प्रवास लग्न, बाळंतपण आणि आजारपण यांच्यासाठीच झाला होता, आणि स्वतःच्या इच्छेने निवडलेले गाव त्या सत्तरीत पहिल्यांदा पाहत आहेत. अशा मंडळीत सर्वांची ऐपत सारखी नसते. म्हणून निघण्यापूर्वीच माणशी ठरावीक वर्गणी काढून ती एका खजिनदाराकडे द्यावी, चहापासून रिक्षापर्यंतचा सगळा खर्च त्यातूनच करावा, आणि वर्गणीचा आकडा ज्याला सर्वांत कमी परवडते त्याला विचारून धरावा. ज्याला अधिक खर्च करायचा असेल त्याने तो स्वतःच्या खरेदीवर करावा. परतीच्या बसमध्ये वहीतला हिशेब सर्वांसमोर वाचला जातो, उरलेले पैसे पुढच्या सहलीसाठी खजिनदाराकडेच राहतात, आणि बहुतेक मंडळांत पुढची तारीखही तिथेच ठरते.