कापडावर छापलेले सेन्सर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घाम तपासणारा बनियन, हृदयाचे ठोके टिपणारा टी-शर्ट, हवेतला वायू ओळखणारी बाही... अशा कपड्यांच्या बातम्या वाचून कुणाला वाटते, आता डॉक्टरच नको. कुणाला वाटते, ही सगळी जाहिरातबाजी. दोन्ही टोके चुकीची आहेत.

गैरसमज : कपड्यात चिप विणलेली असते.
वस्तुस्थिती : टी-शर्टवर चित्र छापतात त्याच स्क्रीन प्रिंटिंगने हे सेन्सर छापता येतात. फरक शाईचा. तिच्यात रंगाऐवजी कार्बनचे किंवा चांदीचे कण असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत जोसेफ वांग यांच्या गटाने 2010 मध्ये अंतर्वस्त्राच्या इलास्टिकवर असे इलेक्ट्रोड छापून दाखवले. बॅटरी आणि माहिती पाठवणारा भाग मात्र बहुधा वेगळा, काढता-घालता येणारा असतो.

गैरसमज : घामातली साखर कळली की बोटाला सुई टोचायला नको.
वस्तुस्थिती : घामात ग्लुकोज रक्ताच्या सुमारे शंभरपट कमी असते. त्वचेवरचा जुना घाम मिसळला किंवा घामाचा वेग बदलला की आकडा बदलतो. शिवाय शांत बसलेल्या माणसाला पुरेसा घाम येतोच असे नाही. त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजल्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. म्हणून घाम निरुपयोगी ठरत नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या निदानासाठी घामातले क्लोराइडच मोजतात.

गैरसमज : टी-शर्टचा ईसीजी म्हणजे दवाखान्यातला ईसीजी.
वस्तुस्थिती : दवाखान्यात दहा इलेक्ट्रोड लावून हृदयाची बारा बाजूंनी नोंद घेतात. कपड्यात बहुधा एक-दोनच बाजू मिळतात, आणि चालताना कापड सरकले की नोंदीत गोंधळ होतो. ठोक्यांचा वेग पाहायला हे पुरते. हार्ट अटॅक नाही याची खात्री करायला नाही.

गैरसमज : एकदा घेतला की नेहमीच्या कपड्यासारखा धुऊन वर्षानुवर्षे वापरायचा.
वस्तुस्थिती : शाईतले कण एकमेकांना टेकलेले असतात तोवरच वीज वाहते. ताण, पीळ आणि धुणे यांनी शाईला भेगा पडतात आणि रोध वाढतो. वर लवचीक लेप दिला की आयुष्य वाढते. पण ग्लुकोज किंवा लॅक्टेट ओळखणारे एन्झाइम नाजूक असते, ते आधी निकामी होते.

गैरसमज : अंगावर वीज खेळवणे धोक्याचे.
वस्तुस्थिती : घाम तपासणाऱ्या इलेक्ट्रोडवर साधारणपणे एका व्होल्टहून कमी दाब असतो आणि प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागतो. शॉक बसण्याची भीती नाही. एखाद्याच्या त्वचेला शाईची किंवा चिकट थराची खाज येऊ शकते, ती शक्यता खरी.

गैरसमज : असा शर्ट सगळे प्रदूषण सांगेल.
वस्तुस्थिती : प्रत्येक सेन्सर ठरावीक पदार्थांसाठीच बनवलेला असतो. वांग यांच्याच गटाने 2011 मध्ये बुडी मारणाऱ्यांच्या निओप्रीन पोशाखावर सेन्सर छापून समुद्राच्या पाण्यातले फिनॉल आणि तांबे ओळखले. हवेतले पीएम 2.5 कण मोजायला मात्र सहसा प्रकाशकिरण आणि हवा खेचणारा पंखा लागतो. नुसत्या शाईचे ते काम नव्हे.

असा कपडा घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा : तो नेमके काय मोजतो, ते कोणत्या प्रमाणित चाचणीशी ताडून पाहिले आहे आणि किती धुण्यांपर्यंत आकडा विश्वासार्ह राहतो? उत्तरे मिळाली तरी त्या आकड्यावरून औषधाचा डोस स्वतः बदलू नका.