साडेआठ हजारांचा फोन : तब्येतीला तारक किती, मारक किती?

घरात नवा मोबाइल घ्यायचा ठरला की पूर्वी शेजारच्या कॉलेजकुमाराचा सल्ला घेतला जाई. हल्ली हा प्रश्न दवाखान्यातही निघतो. "आईला फोन घ्यायचाय, डोळ्यांना त्रास होणार नाही असा कोणता घेऊ?", "बाबांची शुगर, बीपी त्यावर बघता येईल ना?" असे प्रश्न हमखास येतात. म्हणून या आठवड्यात एक स्वस्त स्मार्टफोन समोर ठेवून आरोग्याच्या दृष्टीने त्याच्या जमेच्या आणि खर्चाच्या बाजू मांडून पाहू.

उदाहरणासाठी शाओमी कंपनीचा रेडमी ए४ ५जी हा फोन घेतला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो ८,४९९ रुपयांपासून बाजारात आला. साधारण त्याच किमतीचे दुसऱ्या कंपन्यांचे फोनही थोड्याफार फरकाने असेच असतात. त्यामुळे इथले गुणदोष त्यांनाही लावून पाहता येतील.

जमेच्या बाजू

पहिली बाजू मोठ्या पडद्याची. या फोनचा पडदा ६.८८ इंचांचा आहे. चाळिशी उलटली की जवळचे बारीक अक्षर दिसेनासे होते. हा आजार नव्हे, डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता वयानुसार कमी होते इतकेच. अशा माणसाला मोठा पडदा मानवतो. मात्र दुकानातून आणलेल्या फोनमधली अक्षरे बारीकच असतात. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवावा लागतो. पाच मिनिटांचे हे काम मुला-नातवंडांनी पहिल्याच दिवशी करून द्यावे. पडद्याची स्पष्टता महागड्या फोनपेक्षा कमी आहे, पण मोठ्या अक्षरांत वाचणाऱ्याला तो फरक फारसा जाणवत नाही.

दुसरी बाजू बॅटरीची. ती ५,१६० एमएएचची आहे. बेताच्या वापराला दिवसभर सहज पुरते. जिथे वीज जाते-येते तिथे याचे मोल मोठे. रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखू लागले आणि फोन बंद पडलेला असला, तर त्याच्या बाकीच्या गुणांचा उपयोग काय?

तिसरी बाजू कॅमेऱ्याची. मागचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे. अंगावरचे पुरळ, जखम, पायाची सूज डॉक्टरांना दाखवायला तो पुरेसा आहे. पुढचा कॅमेरा मात्र ५ मेगापिक्सेलचाच. म्हणून व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलताना दुखरा भाग दाखवायचा झाला तर फोन उलटा करून मागचा कॅमेरा वापरावा. फोटो दिवसाउजेडी, सावली पडू न देता काढावा. रिपोर्टचा फोटो काढताना नाव आणि तारीख आली पाहिजे. चालू गोळ्यांच्या पाकिटांचेही फोटो काढून ठेवा. "ती पांढरी गोळी, सकाळची" एवढ्यावरून कोणत्याच डॉक्टरला औषध ओळखता येत नाही!

सरकारची ई-संजीवनी ही सेवा अशा फोनवर उत्तम चालते. एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला तिच्यावर मोफत मिळतो. त्यासाठी ५जी लागत नाही, ४जी पुरते. हा फोन आला तेव्हा त्याचे ५जी फक्त जिओवर चालत होते, एअरटेलवर तो ४जीनेच चाले. तब्येतीच्या कामाला त्याने काही अडत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवा की छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, दम लागणे, साप चावणे या गोष्टी व्हिडिओवर दाखवत बसायच्या नाहीत. तेव्हा १०८ फिरवायचा आणि दवाखाना गाठायचा.

आणखी दोन सोयी पुष्कळांना ठाऊक नसतात. पडद्याला कुलूप असतानाही दिसेल अशी आणीबाणीची माहिती, म्हणजे रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणत्या गोळ्या चालू आणि घरच्यांचा नंबर, फोनमध्ये भरून ठेवता येते. रस्त्यात चक्कर येऊन पडलेल्या माणसासाठी ही माहिती लाखमोलाची ठरू शकते. दुसरी सोय गजराची. रक्तदाबाची गोळी रोज ठरल्या वेळी आणि क्षयाचे औषध ठरल्या मुदतीपर्यंत न चुकता घ्यायचे असते. औषधाच्या नावासकट गजर लावता येतो, त्याचा उपयोग करा.

जे काम फोनचे नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फोनवर रक्तदाब मोजता येतो का? वाचकहो, याचे उत्तर सरळ आहे. या फोनवर येत नाही.

रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा बांधून त्यात हवा भरतात. त्या दाबाने रोहिणी दबते. हवा सोडत असताना रक्त पुन्हा कसे वाहू लागते त्यावरून वरचा व खालचा आकडा काढला जातो. फोनमध्ये रोहिणी दाबणारे काहीच नाही. कॅमेऱ्यावर बोट ठेवले की टॉर्चच्या उजेडात बोटातले रक्त ठोक्यागणिक कमी-जास्त होताना कॅमेऱ्याला दिसते. त्यावरून नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजता येतात. पण ठोके म्हणजे रक्तदाब नव्हे.

याचा धडा अमेरिकेने घेतलेला आहे. 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचे एक ॲप तिथे २०१४-१५ मध्ये विकले जात होते आणि लाखाहून अधिक प्रती खपल्या होत्या. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ते तपासले. ज्यांचा रक्तदाब खरोखरच वाढलेला होता, त्यांच्यापैकी दर १० जणांत जवळजवळ ८ जणांना ॲपने वाढलेला नसल्याचे सांगितले! हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही चूक साधी नाही. रक्तदाब वाढला म्हणून डोके दुखतेच किंवा चक्कर येतेच असे नाही. १७०/१०० असलेला माणूसही शेतात राबतो, दुकान चालवतो, हसतो-बोलतो. त्याला फोनने १२०/८० दाखवले की त्याची खात्री पटते की दुखणे बरे झाले. मग तो गोळी सोडतो. महिना-दोन महिने काही होत नाही, त्यामुळे विश्वास आणखी वाढतो. आणि एके पहाटे अर्धांगाचा झटका येतो. गेलेला हात परत येईलच असे कोणालाही सांगता येत नाही. फुकटातल्या ॲपची ही किंमत त्या घराला वर्षानुवर्षे मोजावी लागते.

ऑक्सिजनचेही तसेच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये लाल आणि अवरक्त असे दोन वेगळे प्रकाश असतात. त्यांतले किती शोषले गेले यावरून ऑक्सिजनचा अंदाज निघतो. फोनच्या टॉर्चचा पांढरा उजेड ते काम करू शकत नाही. करोनाच्या काळात अशी ॲप्स बरीच फिरत होती. साखरेबद्दल तर बोलायलाच नको. कातडीला टोचल्याशिवाय साखर मोजतो म्हणणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नका, अशा एकाही साधनाला आम्ही मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. जिथे घड्याळांची ही गत, तिथे नुसत्या कॅमेऱ्याची काय कथा?

खर्चाच्या बाजू

या फोनचे वजन २१२ ग्रॅमच्या आसपास आहे. ऐकायला कमी वाटते. पण पडून, एका हाताने धरून तासभर पाहिले की अंगठ्याचे मूळ आणि मनगट दुखू लागते. पडदा मोठा म्हणून अंगठा ताणावा लागतो. लहान चणीच्या स्त्रियांना हा त्रास लवकर होतो. फोन दोन्ही हातांनी धरावा किंवा मेजावर टेकवून ठेवावा. मान खाली घालून बसू नये, फोन वर उचलावा. मान जितकी वाकते तितका मणक्यांवरचा भार वाढतो.

डोळ्यांचे काय? पडदा एकटक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. पडद्याचा रंग पिवळसर करण्याची सोय या फोनमध्ये आहे, रात्री ती बरी वाटते. पण मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने डोळा निकामी होतो याला पुरावा नाही. झोप मात्र नक्की बिघडते, कारण एक संपले की दुसरे चित्र पुढे येतच राहते. झोपण्यापूर्वी तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. उशीखाली घेऊन चार्जिंगला तर कधीच लावू नये. उष्णता कोंडून बॅटरी पेट घेऊ शकते.

लहान मुलांबाबत कडक राहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की वर्षाआतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक नको, कमी असेल तितके चांगले. "मोबाइल दिला की मुकाट्याने जेवतो" ही पुष्कळ घरांतली कहाणी आहे. पण पडद्याकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही. चष्मा लांबवायचा असेल तर मुलांना रोज उन्हाच्या उजेडात खेळू द्यावे.

किरणांची भीती अनेकांना वाटते. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या लहरींवर दर किलोला १.६ वॅट ही मर्यादा आहे. तारा, हॅश, शून्य, सात, हॅश ही बटणे दाबली की आपल्या फोनचा आकडा कळतो. या लहरींना २०११ मध्ये 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकले गेले हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तेव्हा किरणांपेक्षा गाडी चालवताना कानाला लावलेल्या फोनची धास्ती अधिक बाळगा.

शेवटची खर्चाची बाजू थोडी संकोचाची. शौचालयात फोन नेऊ नका. अमेरिकेत १२५ जणांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे फोन नेणाऱ्यांत मूळव्याधीचा धोका ४६ टक्क्यांनी अधिक दिसला. फोनमुळे बसणे लांबते, हे त्यामागचे कारण असावे.

मग घ्यावा की नाही?

वडीलधाऱ्यांसाठी या किमतीचा फोन वाईट नाही. मोठा पडदा, टिकणारी बॅटरी आणि कामचलाऊ कॅमेरा एवढे त्यांना पुरते. घेण्यापूर्वी ज्याला वापरायचा आहे त्यालाच दुकानात न्या. हातात धरायला जड होतो का, अक्षर दिसते का, आवाज ऐकू येतो का, हे त्याने स्वतः पाहावे. घरात लहान मूल असेल तर फोन कोणाच्या ताब्यात राहील हेही आधीच ठरवा.

आणि दहा हजारांचे अंदाजपत्रक असेल तर सगळे फोनवर घालू नका. दंडाला पट्टा बांधायचे चांगले रक्तदाबयंत्र दीड-दोन हजारांत मिळते. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीला ठेवून मोजावे. आकडा तारखेसह वहीत लिहावा, त्याचा फोटो फोनने काढावा आणि डॉक्टरांना दाखवावा. गोळी कमी करायची की बंद, हे त्यांनाच ठरवू द्यावे.