रिकामी खुर्ची कुणाची?

मुलांनो, तुमचा वर्गमंत्री वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेला, तर त्याच्या जागी कोण?

अलिबागजवळच्या आमच्या शाळेत असंच झालं. दिवाळीनंतर चौथीच्या वर्गमंत्री मुलीच्या वडिलांची बदली झाली. मग काय, वर्गात एकच गलका! “बाई, तिच्याच गटातल्या कुणाला तरी घ्या.” “नको, तुम्हीच नेमा.” “पुन्हा मतदान घ्या!” मागच्या बाकावरून आवाज आला, “राहू दे की रिकामं, वर्ष संपतच आलंय.”

गंमत म्हणजे, ही चारही उत्तरं जगात कुठे ना कुठे चालतात. जर्मनीत खासदाराची जागा रिकामी झाली, की त्याच्या पक्षाच्या यादीतलं पुढचं नाव घेतात. अमेरिकेत सिनेटरची जागा रिकामी झाली, तर बहुतेक राज्यांत गव्हर्नर तात्पुरता माणूस नेमतो. आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेसाठी पुन्हा मतदान होतं. त्याला म्हणतात पोटनिवडणूक.

पण ती कधी घ्यायची? पूर्वी कायद्यात याची मुदतच नव्हती. १९९६ साली १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नवं कलम घातलं गेलं. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, असा नियम झाला. त्यातून दोन सवलती दिल्या. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर निवडणूक घ्यायला नको. आणि सहा महिन्यांत ती घेणं अवघड आहे, असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं, तरीही नको.

नियम सरळ वाटतो ना? आता पाहा. २९ मार्च २०२३ ला पुण्याचे खासदार गिरीश बापट वारले. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षापेक्षा जास्त. तरी पोटनिवडणूक झाली नाही. पुढच्या मोठ्या निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतली आहे, असं आयोगाचं म्हणणं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक ताबडतोब घ्या असं सांगितलं, पण जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुण्याची खुर्ची चौदा महिने रिकामी राहिली.

अकोल्यात उलटंच झालं. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ ला वारले. आयोगाने २६ एप्रिल २०२४ ही मतदानाची तारीख ठरवली. पण नव्या आमदाराला एक वर्षसुद्धा मिळणार नाही, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती निवडणूकच रद्द केली.

खरी मेख इथे आहे. ते एक वर्ष कुठल्या दिवसापासून मोजायचं? जागा रिकामी झाली त्या दिवसापासून, की नवा माणूस निवडून येईल त्या दिवसापासून?

तुम्ही म्हणाल, आम्हांला काय त्याचं? आपल्या रायगड जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा आहेत. त्यातली एक रिकामी असताना उधाणाने खारबंदिस्ती फुटली, शेतात खारं पाणी शिरलं, तर त्या गावांचा प्रश्न विधानसभेत हक्काने कोण मांडणार? खुर्ची आमदाराची दिसते, पण रिकामी राहिली की आवाज गावाचा बंद होतो. म्हणून मला वाटतं, वर्ष कधीपासून मोजायचं ते कायद्यातच स्वच्छ लिहावं. आणि निवडणूक घेणं अवघड असेल, तर का अवघड, ते लोकांना लगेच सांगावं.

आमच्या वर्गाने फळ्यावर नियम लिहिला: “आठ दिवसांत मतदान. परीक्षेला महिना उरला नसेल तर नको.” लगेच एक हात वर झाला. “बाई, महिना कधीपासून मोजायचा? ती गेली तेव्हापासून, की मतदान झाल्यापासून?”

आम्ही ठरवलं, ती गेली त्या दिवसापासून. तुम्ही काय ठरवाल? आज जेवताना आईबाबांनाही विचारा. आणि पालकहो, उत्तर चटकन देऊन टाकू नका, आधी मुलांचं ऐका!