पाडव्याच्या रात्री आकाशातून उतरलेले कडे

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या अनेक भागांत अंगणात व गच्चीवर असलेल्या लोकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. तेजस्वी गोळ्यांची एक रांग मागे लांब शेपट्या ओढीत आकाश ओलांडून गेली. मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही ती दिसली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावालगतच्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. त्याच तालुक्यातील पवनपार परिसरात धातूचा एक पोकळ गोळाही मिळाला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

त्या रात्री तर्कवितर्कांना उधाण आले. कोणी उल्का म्हटले, कोणाला विमान कोसळल्याची शंका आली, कोणी त्यात अशुभ संकेत शोधला. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी वस्तूंची पाहणी केली. अंतराळ-अभ्यासकांनी कक्षेचा माग काढून निष्कर्ष मांडला, की हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे असावेत.

उपग्रह इच्छित मार्गावर सोडल्यानंतर अग्निबाणाचा रिकामा टप्पा पृथ्वीभोवती फिरत राहतो. त्याची कक्षा लांबट असेल, तर प्रत्येक फेरीत तो पृथ्वीच्या जवळ येतो आणि विरळ हवेला घासून जातो. प्रत्येक घर्षणाने त्याची थोडी गती खर्च होते. उत्पन्न थांबलेल्या पेढीची शिल्लक जशी हळूहळू आटते, तशी ही कक्षा आटत जाते. अखेर तो दाट हवेत शिरतो, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो. घुग्घुस ते चंद्रपूर हे पंचवीसेक किलोमीटरचे अंतर त्या वेगाने तीन-चार सेकंदांत संपेल. समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, बहुतेक भाग जळून जातो; मात्र उच्च दाबाचा वायू साठविणाऱ्या भक्कम टाक्यांसारखे काही भाग जमिनीपर्यंत पोहोचतात.

आकाशाशी थोडा परिचय असलेल्या माणसाला असे दृश्य ओळखणे कठीण नाही. विमानाचे दिवे लुकलुकतात, त्यांत लाल-हिरवा रंग दिसतो. कृत्रिम उपग्रह न लुकलुकता शांतपणे सरकतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच भर आकाशात अदृश्य होतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करणारे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असेच दिसते, फक्त ते फार तेजस्वी असते. उल्का म्हणजे बहुधा वाळूच्या कणाएवढा खडा. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येऊन क्षणार्धात विझणारा. अग्निबाणाचा अवशेष मात्र त्याहून संथ असतो, बराच वेळ दिसत राहतो आणि त्याचे तुकडे एकामागून एक चालतात. पाडव्याच्या रात्रीचे दृश्य नेमके असेच होते.

हलणारे दिवे ओळखता आले, की स्थिर ताऱ्यांकडे वळावे. घुग्घुसचे अक्षांश सुमारे २० आहेत. म्हणून ध्रुवतारा येथे उत्तर क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. अशा दोन मुठी एकावर एक ठेवल्या की ध्रुवाची जागा सापडते. माघ-फाल्गुनातील संध्याकाळी दक्षिणेकडे वळले, तर क्षितिजापासून दोन मुठींहूनही कमी उंचीवर अगस्त्य चमकतो. त्याच्या बराच वर व्याध, म्हणजे रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा प्रकाश येथे पोहोचायला साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. व्याधाजवळ मृग, पुढे रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. पंचांगातून परिचित असलेली ही नावे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा आनंद वेगळाच.

ग्रह ताऱ्यांसारखे फारसे लुकलुकत नाहीत, आणि सूर्य-चंद्र ज्या पट्ट्यातून जातात त्याच पट्ट्यात ते सापडतात. ध्रुवाजवळ ग्रह कधीच दिसणार नाही. शुक्र सायंकाळी पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस असतो. मध्यरात्री माथ्यावर तो येत नाही. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षे लागतात, म्हणून तो वर्षाला साधारण एक रास ओलांडतो. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तो यामुळेच. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. तीन राशींची साडेसात वर्षे होतात. ‘साडेसाती’ या शब्दामागचे गणित एवढेच. साध्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दिसतात, जे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले. शनीच्या कड्यांसाठी मात्र लहानशी तिपाईवरची दुर्बीण हवी. चंद्रावरची विवरे पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमारास अधिक उठून दिसतात, कारण तेव्हा तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या लांब पडतात.

घुग्घुसच्या आकाशाची अडचण उघड आहे. कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने, मालमोटारींची अखंड वर्दळ. त्यांची धूळ आणि रात्रभराचे दिवे मिळून मंद तारे पुसून टाकतात. तरीही तेजस्वी ग्रह, चंद्र आणि ठळक तारे गावातील गच्चीवरूनही दिसतात. आकाशगंगेचा पट्टा पाहायचा, तर दिव्यांपासून दूर, परिचिताच्या शेतावर जावे. दिवस निवडताना घरातील पंचांग उपयोगी पडते. वद्य अष्टमीनंतर अमावास्येपर्यंत रात्रीचा पूर्वार्ध चंद्राविना असतो; शुद्ध प्रतिपदेलाही चंद्र नसल्यातच जमा. पाडव्याची ती आगीची रांग इतकी स्पष्ट दिसली, त्याचे एक कारण हेही होते. चातुर्मासातील बहुतेक काळ ढगांचा. कार्तिकी पौर्णिमेनंतर आकाश निवळते. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन उरकते, त्यांना संध्याकाळचा हा वेळ आपसूकच मोकळा असतो. मुलांची गोडी वाढल्यास नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगण दाखविता येईल.

या ओळखीला व्यावहारिक बाजूही आहे. आकाशातून पडलेल्या वस्तूला हात लावू नये. तीत विषारी इंधनाचा अंश किंवा दाबाखालील वायू असू शकतो. मुलांना दूर ठेवून पोलिसांना किंवा तहसील कार्यालयाला कळवावे. अशा वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती सोडणाऱ्या देशावर भरपाईचे दायित्व येते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुशक्तीवर चालणारा उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलरची मागणी केली आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. असा दावा मांडायला नोंदी लागतात, हे व्यापारी कुटुंबाला वेगळे सांगायला नको.

म्हणूनच घरातील मुलांना आकाशाचा एक रोजमेळ घालून द्यावा. एका वहीत तारीख, तिथी, वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी वर आणि काय दिसले, एवढेच लिहायचे. पहिल्या महिन्यात चंद्राच्या कला नोंदवाव्या, दुसऱ्यात एखाद्या ग्रहाची ताऱ्यांमधील सरकती जागा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव मोजावा. अग्निबाण आता अधिक संख्येने उडत आहेत. लाडबोरीसारखा प्रसंग पुन्हा कुठेही घडू शकतो. तेव्हा किती वाजता दिसले आणि कोणत्या दिशेने गेले, याचे नेमके उत्तर अशा वहीत सापडेल.