दुखणे उलटले की काय?

नरकचतुर्दशीची पहाट म्हणजे आमच्या घरी सासूबाईंचे राज्य. चारच्या ठोक्याला घर जागे झाले पाहिजे, तेल कोमट झाले पाहिजे आणि पाणी मात्र कढतच हवे! "अंग कसं शेकून निघालं पाहिजे, म्हणजे वर्षभर थंडी बाधत नाही," हा त्यांचा दरसालचा दाखला. २०२३ सालच्या दिवाळीत मी त्यांचे म्हणणे मोडले नाही, आणि न्हाणीघरातून बाहेर आले ती दाराची चौकट धरूनच. गॅलरीतला आकाशकंदील मला धुक्यातून पाहावा तसा दिसत होता. उजव्या डोळ्यापुढे कुणी तेलकट कागद धरावा, अगदी तसे!

मी मनात म्हटले, संपले. दुखणे उलटले!

माझे दुखणे कोणते, ते आधी सांगून टाकते. मल्टिपल स्क्लेरोसिस. पॅरिसचे प्रख्यात डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे वर्णन करून त्याला वेगळी ओळख मिळवून दिली. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते ना, तसे आपल्या मेंदूतल्या व मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन असते. या रोगात शरीराची संरक्षक फौजच वाट चुकते आणि या वेष्टनावर हल्ला करते. तार उघडी पडली की निरोप अडखळतात. कधी डोळा मंदावतो, कधी पाय बधिर होतो, कधी तोल जातो. बहुधा विशी ते चाळिशीत हा रोग गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने अधिक. तो संसर्गजन्य नाही, हे मात्र शेजारणींना अजूनही पटवावे लागते.

मला तो २०१७ साली जडला. उजवा डोळा दुखू लागला, रंग फिके दिसू लागले. लाल कुंकू विटकरी दिसे. एका डॉक्टरांनी तर "बाई, तुम्ही मनाला फार लावून घेता" असे सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. त्यात कित्येक महिने फुकट गेले. पुढे एमआरआय झाला, नाव कळले, आणि इंटरफेरॉनचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा सुरू झाले. दर शनिवारी रात्री हे स्वतः टोचत, रविवारी मला कणकण येई, आणि सोमवारी मी पुन्हा शाळेत फळ्यापुढे उभी. सहा वर्षे अशी सुखरूप गेली. त्यामुळेच त्या पहाटेचा धसका मोठा होता.

परंतु गंमत पाहा. पंख्याखाली तासभर बसले, गार सरबत घेतले, आणि डोळा पूर्ववत झाला! मला हायसे वाटले. फराळाचे ताट घेऊन मी खालच्या मजल्यावर निघाले. चार पायऱ्या उतरले असेन, तोच मागून आमची अकरा वर्षांची कन्या ओरडली,

"आई, अगं तुझी चप्पल वरच राहिली!"

पाहते तो काय, डावा पाय अनवाणी. चप्पल पायातून कधी निसटली, याची त्या पायाला दादच नव्हती.

कोणाला काही न बोलता मी तो दिवस काढला. सणासुदीचे घर, पाहुणे यायचे, कशाला उगाच घोर? पण दुसऱ्या दिवशीही पाय कापसावर पडल्यासारखाच पडत होता. तेव्हा मात्र यांना सांगितले आणि डॉक्टरीणबाईंना फोन केला.

त्यांनी जे समजावून दिले, ते माझ्यासारख्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. डोळ्याचे अंधारणे आणि पायाचे बधिर होणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. वेष्टन गेलेला जुना तंतू उष्णतेने तात्पुरता दगा देतो. उठॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली हा प्रकार नोंदवला होता. एमआरआय येण्यापूर्वी या रोगाचा संशय पडलेल्या माणसाला गरम पाण्यात बसवूनही पाहत! म्हणजे सासूबाईंच्या अभ्यंगस्नानाने माझी जुनी परीक्षाच झाली म्हणायची. असे लक्षण अंग निवले की जाते. तो नवा हल्ला नव्हे.

पायाचे तसे नव्हते. नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, आणि अंगात ताप नसला, तर हल्ल्याचा संशय घ्यावा. तरीही घाई करू नये. लघवीच्या मार्गात साधा जंतुसंसर्ग झाला, तरी जुनी लक्षणे डोके वर काढतात आणि हल्ल्याचे सोंग आणतात. म्हणून आधी लघवीची तपासणी झाली. ती निर्दोष निघाली. एरवी आनंद झाला असता. या वेळी मात्र छातीत धस्स झाले. मग एमआरआय. मानेजवळ मज्जारज्जूवर एक नवा ठिपका उजळलेला दिसला. सोंग नव्हते, खरेच होते.

आता पहिला प्रश्न स्टेरॉइडचा. शिरेतून रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस. माझी समजूत अशी, की हे घेतले नाही तर पाय कायमचा गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही हो. याने बरं व्हायला लवकर सुरुवात होते, इतकंच. शेवटी पाय किती सुधारेल, ते यावर फारसं ठरत नाही. नुसत्या मुंग्या असत्या तर मी थांबा म्हटलं असतं. पण तुम्ही जिन्यावर पडाल, याची मला काळजी आहे." मी तीन दिवस घेतले. तोंडाला धातूची चव, डोळ्याला डोळा नाही, आणि रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरातले डबे पुसत बसलेली! पण पंधरवड्यात पायाला जमीन कळू लागली.

दुसरा प्रश्न मोठा होता. जुने औषध चालू असताना हल्ला झाला, त्या अर्थी ते अपुरे पडत होते. ते तसेच चालू ठेवावे, गोळ्यांवर जावे, की रिटुक्सिमॅब घ्यावे? हे शेवटचे औषध मूळचे लसिका ग्रंथींच्या कर्करोगावरचे. अमेरिकेत १९९७ साली मान्य झालेले. आपल्याकडे पुष्कळ तज्ज्ञ ते या रोगासाठीही वापरतात. ते साधारण सहा महिन्यांनी एकदा शिरेतून देतात. गुण चांगला, पण संरक्षक फौजेतली एक तुकडीच ते मोडून काढते. त्यामुळे जंतुसंसर्गाचे भय.

आमच्या घरात प्रथमच दोन पक्ष पडले. हे म्हणाले, "जे सगळ्यात जोरदार, ते उद्याच सुरू करू. पैशांचं मी बघतो." मी म्हटले, "अहो, पन्नास मुलांच्या वर्गात मी उभी राहते. निम्म्यांचं नाक वाहत असतं! एक दुखणं टाळायला दुसरं घरात आणू का?" यांना माझा पाय दिसत होता, मला माझी शाळा. आठ दिवस आमच्यात जेवणापुरतेच बोलणे होते.

कोंडी सासूबाईंनी फोडली. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघंही भीतीपोटी बोलताय. भीती एका कागदावर लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा." आम्ही तसेच केले. अकरा प्रश्न झाले. कावीळ ब आणि क्षय यांच्या तपासण्या आधी करता येतील का? न्यूमोनियाची व फ्लूची लस आधी घेता येईल का? आणखी मूल हवे असते तर काय? वर्गात तोंडाला मास्क लावून चालेल का? उत्तरे मिळत गेली, तसतसा माझा धीर वाढला. थांबण्यालाही किंमत असते, आणि ती मज्जारज्जूतून वसूल होते, हे त्यांचे वाक्य मात्र मनात रुतून बसले. तपासण्या झाल्या, लसी झाल्या, महिनाभर थांबून मी होकार दिला. मी घेतला तो निर्णय सर्वांनी घ्यावा, असे मुळीच नाही. प्रत्येकीचे वय, दुखणे आणि संसार वेगळा.

तेव्हापासून नवा ठिपका नाही. डावा पाय संध्याकाळी थोडा जड पडतो, आणि मी आता मागे पट्टा असलेली चप्पल घालते. दर सहा महिन्यांनी बाटली लावायची वेळ आली की पोटात अजून गोळा येतोच.

पुढच्या दिवाळीला पहाटे न्हाणीघरात गेले, तो बादलीत हात घालून सासूबाई उभ्या. म्हटले, "आई, आज तुम्ही इथं?"

"पाणी बघतेय. कोमटच आहे ना, बघ हो," त्या म्हणाल्या. आणि मग जरा घुटमळून, "शेकायला काय, ऊन आहेच की गॅलरीत!"